हृदयाला गेलेला डोस बाईच्या हातात लिहून द्या

प्रति,
सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
सचिव, वैद्यकीय शिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन
राज्य आरोग्य हमी सोसायटी, मुंबई
आणि राज्यातल्या सरकारी, पालिकेच्या, धर्मादाय व खासगी रुग्णालयांतले सर्व रेडिओथेरपी विभागप्रमुख

विषय: स्तनाच्या कर्करोगावरच्या रेडिएशननंतर काही वर्षांनी धमन्यांना होणारी इजा, तिची नोंद आणि तपासणी.

स.न.वि.वि.

भारतीय वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांनुसार दाखल रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं सांभाळायचे असतात. स्तनाच्या कर्करोगाचं रेडिएशन बहुतेक बायका रोज ओपीडीत येऊन घेतात, त्यामुळे तेवढंही बंधन त्यांच्या कागदांना धड लागू होत नाही. आता दुसऱ्या बाजूचं गणित पाहा. या रेडिएशनमुळे हृदयाच्या धमन्यांना होणारी इजा पहिल्या पाच वर्षांत डोकं वर काढू लागते आणि वीस वर्षं उलटल्यावरही थांबत नाही. गळपट्टीच्या हाडाखालची आणि काखेतली धमनी अरुंद झाल्याचं तर अनेकदा दहा-वीस वर्षांनी कळतं. दुखणं येतं तेव्हा कागद उरलेला नसतो. हे असंच चालू द्या असा हुकूम कोणी काढलेला नाही, पण ते बदलण्याचा हुकूमही कोणी काढत नाही. म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते उघड.

आम्ही रेडिओथेरपी विभागांत रोज काम करणारी माणसं आहोत. आमच्यात किरण कुठून आणि किती द्यायचे याचा प्लॅन करणारे मेडिकल फिजिसिस्ट आहेत, मशीनवरचे टेक्नॉलॉजिस्ट आहेत आणि फॉलोअपच्या ओपीडीतल्या परिचारिका आहेत. हृदयाला किती डोस जातोय, हा आकडा आमच्या स्क्रीनवर प्रत्येक प्लॅनसोबत येतो. पंधरा वर्षांनी ज्या डॉक्टरला त्याची गरज पडणार, त्याच्यापर्यंत तो पोचत नाही. आमची तक्रार एवढीच आहे, बाकी सगळं तिचे फाटे.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो, कारण हे पत्र उपचार चालू असलेल्या बायकाही वाचतील. शेक, म्हणजे हे रेडिएशन, अर्धवट सोडू नका. स्तन राखून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन दिल्यावर दहा वर्षांत कर्करोग उलटण्याचं प्रमाण 35 टक्क्यांवरून 19.3 टक्क्यांवर आलं आणि पंधरा वर्षांत त्याने होणारे मृत्यू 25.2 टक्क्यांवरून 21.4 टक्क्यांवर आले, असं जगभरातल्या चाचण्या एकत्र करून 2011 साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दिसलं. उलट बाजूचा आकडा त्यापुढे लहान आहे. पन्नाशीची, बाकी कोणताही धोका नसलेली बाई घ्या. तिच्या हृदयाला सरासरी 3 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) डोस गेला, तर ऐंशी वर्षांपर्यंत हृदयाच्या धमन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याची शक्यता 1.9 टक्क्यांवरून 2.4 टक्क्यांवर जाते. आधीच धोका असलेल्या बाईत ती 3.4 वरून 4.1 होते. हे अंदाज 2013 साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या अभ्यासातले आहेत. 1958 ते 2001 या काळात रेडिएशन घेतलेल्या 2168 बायका त्यात होत्या. हृदयाच्या सरासरी डोसात दर 1 ग्रे वाढीमागे हृदयविकाराच्या मोठ्या घटनांचं प्रमाण 7.4 टक्क्यांनी वाढत गेलं, आणि ज्याच्या खाली काहीच धोका नाही अशी पातळी सापडली नाही.

आपल्याकडे मात्र दोन गोष्टी हे गणित बिघडवतात. भारतात हा कर्करोग पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो, म्हणजे पुढे जगायची वर्षं जास्त. आणि हृदयविकार, मधुमेह आपल्याकडे मुळातच लवकर येतात. त्यात आजार उशिरा सापडल्यामुळे गळपट्टीवरच्या लसिकागाठींनाही शेक द्यावा लागतो, तो वेगळाच. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे 1 लाख 92 हजार नव्या बायकांना स्तनाचा कर्करोग होतो. त्यातल्या ज्या बऱ्या होतात, त्यांच्या म्हातारपणाबद्दल आम्ही बोलतोय.

धमनीत नेमकं काय होतं? धमनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी सावकाश विभागतात, त्यामुळे इजा लगेच दिसत नाही. आधी अस्तर सुजतं आणि चिकट होतं, त्यात चरबी आणि दाहाच्या पेशी शिरतात. मोठ्या धमनीच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडतात आणि बाहेरचा थर जाड, ताठर होत जातो. वयाने जे वीस वर्षांत व्हायचं ते किरणांच्या वाटेत आलेल्या तुकड्यात लवकर होतं. डाव्या बाजूच्या रेडिएशनमध्ये हा तुकडा बहुतेक वेळा हृदयाच्या पुढच्या भिंतीवरून उतरणाऱ्या डाव्या धमनीचा असतो. विभागात सगळे तिला एलएडी म्हणतात. छातीच्या भिंतीला ती इतकी चिकटून असते की तिरक्या किरणांच्या आतल्या कडेत तिचा मधला आणि खालचा भाग सहज सापडतो. स्वीडनमध्ये अशा बायकांच्या अँजिओग्राफी तपासल्या, तेव्हा डाव्या बाजूला शेक घेतलेल्यांच्या नेमक्या त्याच भागात चोंदण्याचं प्रमाण उजव्या बाजूवाल्यांपेक्षा ठळकपणे जास्त निघालं.

इथून आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार कागदाची. उपचार संपल्यावर बाईच्या हाती पडणाऱ्या सारांशावर आमच्या पाहण्यात बहुतेक वेळा एवढंच असतं: डावा स्तन, 40 ग्रे, 15 फ्रॅक्शन (रोजचे हप्ते), उपचार पूर्ण. स्तनाला किती डोस दिला ते कळतं, हृदयाला किती गेला ते नाही. बारा वर्षांनी ती दम लागतो म्हणून तालुक्याच्या डॉक्टरकडे जाते. ‘छातीला शेक घेतला होता’ याच्या पलीकडे ती काही सांगू शकत नाही, आणि त्यात तिचा दोष नाही. मूळ रुग्णालयात चौकशी करावी, तर फाईल रद्दीत गेलेली. प्लॅनिंगची कॉम्प्युटर सिस्टीम मधल्या काळात दोनदा बदलते, जुन्या सिस्टीमवरचा डेटा नव्या सिस्टीमला वाचता येत नाही, आणि हार्ड डिस्क एक दिवस ई-कचऱ्याच्या लिलावात निघते.

जागा नाही, हे कारण कोणी देऊ नये. प्लॅनिंगच्या सीटी स्कॅनचे 3 मिलिमीटरचे साधारण 120 काप, प्रत्येक अर्ध्या एमबीचा, म्हणजे 60 एमबी. अवयवांच्या रेषा, प्लॅन आणि डोसाची फाईल धरून एका बाईचं सगळं शंभर एमबीच्या आसपास बसतं. हजार बायकांचे 100 जीबी. एवढी डिस्क आज शाळेतल्या पोराच्या लॅपटॉपमध्ये असते. अट एकच: डेटा कंपनीच्या स्वतःच्या स्वरूपात न ठेवता डायकॉम या सर्वमान्य स्वरूपात काढून ठेवायचा, म्हणजे उद्या कुठलीही सिस्टीम तो उघडेल. आणि दोन प्रती, दोन वेगळ्या इमारतींत.

दुसरी तक्रार सरासरीची. हृदयाचा सरासरी डोस उपयोगी आकडा आहे, पण तो एकटा फसवतो. हृदय मुठीएवढं आणि एलएडी तीन-चार मिलिमीटर जाडीची. सरासरी 3 ग्रे असतानाही त्या धमनीच्या एखाद्या भागाला 35 ग्रेच्या पुढे डोस गेलेला असू शकतो, म्हणजे जवळजवळ स्तनाला दिला तेवढाच. बऱ्याच ठिकाणी प्लॅनवर हृदयाची बाह्यरेषा काढतात, एलएडी काढत नाहीत. कारण सांगतात वेळेचं. रेषा काढायचा नकाशा 2011 पासून प्रसिद्ध आहे आणि सरावलेल्या हाताला ते काही मिनिटांचं काम आहे. शिरेतून औषध न देता काढलेल्या सीटीवर ती धमनी नीट दिसत नाही, हे खरं. मग हृदयाच्या दोन खालच्या कप्प्यांमधल्या पुढच्या खाचेचा माग धरून रेषा काढा आणि भोवती थोडी जागा सोडा. अचूक दिसत नाही म्हणून मोजायचंच नाही, हा कुठला न्याय? जर्मनीतल्या रेडिएशन तज्ज्ञांच्या गटाने 2019 मध्ये मर्यादा लिहून दिल्या आहेत: हृदयाचा सरासरी डोस 2.5 ग्रेच्या आत, डाव्या कप्प्याचा 3 ग्रेच्या आत, एलएडीचा 10 ग्रेच्या आत. प्रत्येक बाईत हे साधेल असं नाही. छातीचा आकार, गाठींचा फैलाव, उरोस्थीमागच्या गाठींना द्यावा लागणारा शेक आड येतो. पण साधलं नाही तर किती हुकलं, ते कागदावर यायला हवं.

तिसरी तक्रार श्वासाची. तिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे नुकसान आधीच टाळता येतं आणि त्यासाठी महागडी यंत्रणाच लागते असा गैरसमज पसरला आहे.

बाईने खोल श्वास घेऊन धरला की फुप्फुस फुगतं, पडदा खाली जातो आणि हृदय छातीच्या भिंतीपासून मागे व खाली सरकतं. त्या वीस सेकंदांत किरण दिले तर हृदयाचा सरासरी डोस अनेकदा निम्म्यावर येतो. यासाठी छातीवर ठेवायचा ठोकळा आणि कॅमेरा, किंवा तोंडात धरायचं श्वासमापक, किंवा त्वचेचा पृष्ठभाग वाचणारी यंत्रणा विकत मिळते. महाग असते. ‘आमच्याकडे ती नाही’ म्हटलं की विषय संपतो. तो संपू नये. ब्रिटनमध्ये हार्टस्पेअर नावाच्या अभ्यासात बाईने स्वतः श्वास धरायची साधी पद्धत आणि श्वासमापकाची पद्धत समोरासमोर ठेवून पाहिली. हृदय वाचवण्यात आणि रोजच्या अचूकपणात दोन्ही सारख्या ठरल्या. साध्या पद्धतीला लागतात भिंतीवरचे लेझर, छातीवरच्या खुणा, मशीनचा प्रकाश, खोलीतला कॅमेरा आणि बोलायचा माइक. हे सगळं लिनॅकच्या, म्हणजे विजेवर किरण तयार करणाऱ्या मशीनच्या, प्रत्येक खोलीत असतं.

कृती अशी. सीटीच्या तीन-चार दिवस आधी बाईला अर्धा तास द्यायचा. हात डोक्यावर घेऊन उताणं झोपायचं, दोन साधे श्वास, मग पोटाने नव्हे तर छातीने खोल श्वास, आणि वीस आकडे मोजेपर्यंत धरायचा. पाठ उचलायची नाही, हनुवटी वर करायची नाही. नेमकं हेच चुकतं: बाई श्वास घेण्याऐवजी कमान करते, छाती वर आलेली दिसते आणि हृदय जागेवरच राहतं. घरी दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी पाच-सहा वेळा सराव. सीटी श्वास धरूनच काढायचा, आणि शक्य तिथे साध्या श्वासातही एक, म्हणजे फरक किती पडला ते दिसतं. ज्यांचं हृदय मुळातच दूर आहे त्यांना उगाच कष्ट द्यायला नकोत. मशीनवर श्वास धरलेल्या स्थितीत प्रकाशाची कड छातीवरच्या खुणेशी जुळते का, ते आधी खोलीत उभं राहून पाहायचं, मग बाहेरून कॅमेऱ्यावर. खूण सरकली की बीम थांबवायचा.

वेळेचा हिशोबही देतो, कारण आडकाठी तिथेच येते. रोजच्या 2.67 ग्रे डोसासाठी दोन तिरके बीम, प्रत्येकी साधारण 150 मॉनिटर युनिट (मशीन किती किरण सोडतंय ते मोजायचं माप). मशीन मिनिटाला 600 युनिट देत असेल तर एका बीमला 15 सेकंद, म्हणजे एक श्वास. 300 देत असेल तर 30 सेकंद, म्हणजे बीमचे दोन तुकडे, दोन श्वास. पहिले दोन-तीन दिवस रखडतात, मग बाई आमच्यापेक्षा तयार होते. प्रत्येकीमागे पाच ते दहा मिनिटं वाढतात. दोन पाळ्यांत चालणाऱ्या मशीनवर ही मिनिटं कुठून आणायची, हा प्रश्न खरा आहे आणि तो टेक्नॉलॉजिस्टच्या रिकाम्या जागा भरूनच सुटेल. पण पंचवीस दिवसांऐवजी पंधरा दिवसांचा शेक आता सर्रास दिला जातो, त्यातून मोकळी झालेली मशीनची वेळ याच कामाला लावता येते. ती बहुतेक ठिकाणी प्रतीक्षायादीने गिळली. ते समजण्यासारखं आहे, तरी डाव्या बाजूच्या बायकांसाठी त्यातला वाटा राखून ठेवायला हवा.

कोबाल्ट मशीनवर, म्हणजे किरणोत्सर्गी कोबाल्टच्या स्रोतावर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या मशीनवर, हे सगळं जमत नाही. स्रोताचा व्यास दीड-दोन सेंटिमीटर असल्यामुळे किरणांची कड पसरट पडते, आणि हृदय झाकायला लिनॅकसारख्या सरकत्या पट्ट्या बहुधा नसतात. डाव्या बाजूच्या, त्यातही तरुण किंवा मधुमेही बाईला जवळच्या लिनॅककडे पाठवण्याची लेखी सोय हवी. ते अशक्य असेल तर निदान शिशाचा ब्लॉक लावा, आणि फिल्मवर हृदयाची कड किरणांच्या आत जास्तीत जास्त किती आली ते पट्टीने मोजून लिहा. त्या एका मोजमापावरूनही पुढचा डॉक्टर अंदाज बांधू शकतो.

चौथी तक्रार हाताची. एवढी दुर्लक्षित गोष्ट दुसरी नाही. गळपट्टीवरच्या आणि काखेतल्या गाठींना शेक दिला की हाताला रक्त नेणारी धमनी जवळजवळ पूर्ण डोसात येते, मग बाजू डावी असो की उजवी. पुढे ती अरुंद झाली तर भाकरी थापताना, दोरीवर कपडे वाळत घालताना हात भरून येतो, थांबलं की बरं वाटतं. बोटं गार पडतात, कधी पांढरी होतात. ओपीडीत याला खांदा आखडलाय, मानेचे मणके झिजलेत किंवा काखेतल्या गाठी काढल्याची सूज आहे, यांपैकी काहीतरी म्हणून मलम लिहून दिलं जातं. शेकामुळे नसांच्या जाळ्याला झालेली इजा आणि उलटलेला कर्करोग या शक्यताही पाहायलाच हव्यात, पण त्यांत मुंग्या आणि बधिरपणा बसल्या जागीही असतो. काम केल्यावर येणारं आणि विश्रांतीने जाणारं दुखणं बहुधा रक्त कमी पोचल्याचं असतं.

हे ओळखायला दोन्ही हातांचं बीपी पुरतं. वरच्या आकड्यात 15 किंवा जास्त फरक आला, तर कमी आकड्याच्या बाजूची धमनी अरुंद असल्याचा संशय घ्यायचा आणि कलर डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) सांगायचं. गोम अशी की शस्त्रक्रिया झालेल्या हाताचं बीपी घ्यायचं नाही असं बाईला पहिल्याच दिवशी बजावलेलं असतं, आणि ती ते जन्मभर पाळते. म्हणजे ज्या हातात फरक सापडायचा तोच हात मोजला जात नाही. बीपी घेतल्याने हात सुजतो, याला बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलने 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या पाहणीत आधार मिळाला नाही. हात आधीच सुजलेला असेल तर पट्टा फुगवू नका, दोन्ही मनगटांची नाडी एकाच वेळी चाचपून पाहा आणि शंका आली तर डॉप्लरचा पेन लावा. सूज नसेल तर वर्षातून एकदा, पाच मिनिटं बसवून, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून दोन्हीकडे मोजा. अरुंद धमनी वेळेत सापडली तर फुगा आणि स्टेंटने उघडता येते. उशीर झाला तर बायपास, तोही शेकलेली कातडी टाळून करावा लागतो, कारण तिथली जखम लवकर भरत नाही.

पाचवी तक्रार, थोडक्यात. हृदयाच्या बायपासला छातीच्या आतली जी धमनी सर्जन हमखास वापरतात, ती उरोस्थीच्या कडेने जाते. उरोस्थीमागच्या गाठींना शेक दिला असेल तर ती किरणांतूनच गेलेली असते. ती वापरण्याआधी तिचा प्रवाह तपासायला हवा. सर्जनला हे कळणार कसं, जर बाईकडे कागदच नाही?

सहावी तक्रार, कोणीच वाट पाहत नसल्याची. कर्करोगाचा फॉलोअप पाच वर्षांनी विरळ होतो, आणि जो होतो त्यात गाठ शोधतात. युरोपीय हृदयरोग संघटनेने 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत हृदयाच्या सरासरी डोसावरून गट पाडले: 5 ग्रेच्या खाली कमी धोका, 5 ते 15 मध्यम, 15 ते 25 जास्त, 25 च्या वर अतिशय जास्त. रेडिएशन घेतलेल्या प्रत्येकीची दरवर्षी हृदयाच्या धोक्यांची तपासणी करावी, आणि 15 ग्रेच्या वर गेलेल्यांत पाचव्या वर्षापासून दर पाच ते दहा वर्षांनी, त्रास नसला तरी, धमन्यांची तपासणी विचारात घ्यावी, असं त्या सांगतात. आजच्या पद्धतीने शेक घेतलेल्या बहुतेक बायका पहिल्या गटात बसतील. त्यामुळे सरसकट सीटी अँजिओग्राफीची मागणी आम्ही करत नाही. तो पैशाचा आणि पुन्हा रेडिएशनचाच अपव्यय होईल. पण कोण कुठल्या गटात आहे हे आकड्याशिवाय ठरत नाही, आणि आकडा आमच्या स्क्रीनवर अडकलेला आहे.

एक फुकटची तपासणी तर सगळ्यांच्या नजरेतून सुटते. प्लॅनिंगच्या सीटीवर हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम दिसतं. नेदरलँड्समध्ये सुमारे 16 हजार बायकांचे असे सीटी तपासून 2021 मध्ये दाखवलं गेलं की ज्यांच्यात ते जास्त, त्यांना पुढे हृदयविकारही जास्त. सीटी काढलेलाच आहे, फक्त त्या नजरेने पाहून एक ओळ लिहायची आहे. लिहिली तर बाई शेक सुरू व्हायच्या आधीच फिजिशियनकडे जाईल.

आता मागण्या.

रेडिएशन संपल्याच्या दिवशी प्रत्येक बाईला एक पानाचं कार्ड द्या, मराठीत आणि इंग्रजीत. त्यावर बाजू, सुरू आणि संपल्याची तारीख, मशीन, एकूण डोस आणि फ्रॅक्शन, बूस्ट (गाठीच्या जागेला दिलेला जादा डोस), गळपट्टीवर व उरोस्थीमागे शेक दिला की नाही, श्वास धरून दिला की नाही, हृदय, डावा कप्पा व एलएडी यांचा सरासरी डोस, एलएडी आणि हाताच्या धमनीचा जास्तीत जास्त डोस, डॉक्सोरुबिसिन किंवा एपिरुबिसिन या केमोच्या औषधांची एकूण मात्रा, ट्रास्टुझुमॅब हे औषध दिलं की नाही. केमोची नोंद यासाठी की डॉक्सोरुबिसिन आणि छातीचा शेक एकत्र आले की हृदयाचा धोका वाढतो. कार्ड लॅमिनेट करा आणि आभा या सरकारी डिजिटल आरोग्य खात्यातही चढवा. नुसत्या खात्यावर विसंबू नका. मोबाईल मुलाकडे असतो.

ज्यांचा शेक सीटी येण्याआधी, नुसत्या एक्स-रेवर आखून दिला गेला, त्यांचा ग्रेमधला आकडा आज कोणी काढू शकणार नाही. त्यांच्यासाठी बाजू, वर्ष, कोबाल्ट की लिनॅक, एकूण डोस, गळपट्टी व उरोस्थीमागचा शेक एवढ्या पाच नोंदी पुरेत. जिथे जुनी रजिस्टरं शिल्लक आहेत तिथून त्या उतरवून घ्या, रद्दीवाला येण्याआधी.

रेडिओथेरपीचे प्लॅन आणि डोस यांचा डेटा किमान तीस वर्षं ठेवण्याचा शासन निर्णय काढा. नवी प्लॅनिंग सिस्टीम घेताना जुना डेटा डायकॉममध्ये काढून देणं ही निविदेतली अट करा.

महात्मा फुले योजनेखालच्या स्तनाच्या रेडिएशनच्या क्लेममध्ये हृदयाचा सरासरी डोस, एलएडीचा डोस आणि श्वास धरला की नाही, हे तीन रकाने सक्तीचे करा. आकडा जास्त आला म्हणून पैसे अडवू नका, नाहीतर खोटे आकडे भरले जातील. रकाना रिकामा असेल तर मात्र अडवा. वर्षभरात राज्यातल्या प्रत्येक केंद्राची तुलना आपोआप हाती येईल.

लिनॅक असलेल्या प्रत्येक केंद्रात सहा महिन्यांत डाव्या बाजूच्या बायकांसाठी श्वास धरण्याची साधी पद्धत सुरू करा. ज्या केंद्रांत ती चालते तिथे दोन टेक्नॉलॉजिस्ट आणि एक फिजिसिस्ट आठवडाभर पाठवा. संमतिपत्रात हृदय आणि हाताच्या धमन्यांच्या उशिराच्या इजेचा उल्लेख मराठीत करा.

जिल्हा रुग्णालयांतल्या असंसर्गजन्य आजारांच्या क्लिनिकमध्ये या बायकांची वेगळी यादी ठेवा. वर्षातून एकदा दोन्ही हातांचं बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी. तंबाखू विचारताना मिश्री विचारा. मिश्री लावणारी बाई ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नाला नाही म्हणते आणि ते तिच्या लेखी खरंच असतं. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा निर्णय फिजिशियनने घ्यावा, पण छातीला शेक झालाय हे धरून घ्यावा. आणि आशाताई तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा आजारांचा धोका गुणांनी मोजणारा जो सीबॅक फॉर्म भरतात, त्यात एक प्रश्न वाढवा: छातीला कधी शेक किंवा लाईट घेतली आहे का? उत्तर हो आलं तर गुण न मोजता थेट क्लिनिकला पाठवा.

कार्ड, संमतिपत्र, क्लेमचे रकाने आणि सीबॅकमधला प्रश्न यांना नवं मशीन लागत नाही आणि अर्थसंकल्पात वेगळी तरतूदही लागत नाही. कार्डाचा नमुना तयार करून द्यायला आम्ही बसू शकतो, एका दुपारचं काम आहे. श्वासाच्या पद्धतीला माणसं लागतील, तेव्हा टेक्नॉलॉजिस्टच्या रिकाम्या पदांची केंद्रनिहाय यादी जाहीर करा आणि ती कधी भरणार ते त्याच यादीत लिहा. या सगळ्यासाठी समिती नेमू नका. परिपत्रक काढा, ते विभागाच्या संकेतस्थळावर टाका, आणि आज ज्या बाईचा शेवटचा शेक आहे तिच्यापासून सुरुवात करा.

कळावे.

आपले,
राज्यातल्या रेडिओथेरपी विभागांत काम करणारे काही मेडिकल फिजिसिस्ट, टेक्नॉलॉजिस्ट आणि परिचारिका